दाराबाहेरची चाहूल : अभिजात भयकथेतील उत्कंठेचा इतिहास

मराठीत 'जीव टांगणीला लागणे' असा एक वाक्प्रचार आहे. त्यात भीती आहे आणि प्रतीक्षाही आहे, किंबहुना प्रतीक्षा हीच तिथे भीतीचे रूप घेते. 'उत्कंठा' या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही मान उंचावून वाट पाहणाऱ्या माणसाचे चित्र आहे. भयकथेच्या अभ्यासात मात्र या प्रतीक्षेकडे फारसे लक्ष दिले जात नाही असे आम्हांला वाटते. परीक्षेच्या टिपणांत भयकथेविषयी लिहिताना 'वातावरणनिर्मिती' हा एक शब्द पुढे येतो आणि त्याखाली अमावास्येची रात्र, पडका वाडा, घुबडाचा घूत्कार, करकरणारे दार अशी यादी दिली जाते. ही सामग्री भयकथेत असते हे खरे, पण ती वाईट भयकथेतही तितकीच असते. मग काही मोजक्या कथा शंभर-दीडशे वर्षांनंतरही वाचकाचा जीव टांगणीला का लावतात, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे, की लेखक काहीतरी लपवून ठेवतो आणि ते काय आहे हे कळेपर्यंत वाचक अस्वस्थ राहतो. आमच्या मते हे उत्तर रहस्यकथेला लागू पडते, भयकथेला अपुरे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या निवडक कथांचा क्रम लावून पाहिला, तर निराळेच चित्र दिसते. श्रेष्ठ भयकथाकार वाचकापासून सारे लपवीत नाहीत. ते त्याला काहीतरी आधीच सांगून टाकतात, मात्र जेवढ्याने उपाय करता येईल तेवढे सांगत नाहीत. कळलेले आहे, पण त्याचा उपयोग नाही, या अवस्थेतून त्यांची उत्कंठा निर्माण होते.

आपल्या काव्यशास्त्रात या विवेचनाला उपयोगी पडेल असा एक भेद आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानलेले आहेत. पहिल्याचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. शंका, चिंता, त्रास आणि वितर्क यांना तेथे व्यभिचारी भावांत स्थान आहे. जुगुप्सेला वस्तू समोर लागते. भय मात्र ती समोर येण्याआधीच, शंका आणि वितर्क यांच्या बळावर वाढू शकते. योगायोग असा, की इंग्रजीतील गॉथिक कादंबरीची अग्रणी लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफ हिनेही असाच एक भेद केला होता. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिने संदिग्धतेतून उपजणारी, मनाच्या शक्ती जागवणारी भीती आणि उघड दर्शनाने मनाला गोठवून टाकणारी भीती अशा दोन भीती वेगळ्या मानल्या आणि पहिलीला वरचे स्थान दिले.

मात्र रॅडक्लिफच्या स्वतःच्या कादंबऱ्यांत हे तत्त्व पूर्णपणे साधले असे म्हणता येत नाही. १७९४ सालच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' या कादंबरीत नायिका एमिली एका काळ्या पडद्यामागे काय आहे ते पाहते आणि मूर्च्छित होते. तिने काय पाहिले हे लेखिका कादंबरीच्या शेवटापर्यंत सांगत नाही. तो मेणाचा पुतळा होता, हे कळते तेव्हा पडद्याची आठवण पुसट झालेली असते आणि वाचकाला फसवले गेल्याची भावना होते. येथे पात्राला ठाऊक आहे आणि वाचकाला ठाऊक नाही. ही लपवणूक शेकडो पाने ताणली की तिची उत्कंठा न राहता केवळ थकबाकी होते. जेन ऑस्टिनने 'नॉर्दँगर अ‍ॅबी'मध्ये या प्रकाराची जी चेष्टा केली, तिचे मर्म हेच आहे.

भयाला आटोपशीर घाट मिळाला तो नियतकालिकांमुळे. १८१७ साली एडिंबरो येथे सुरू झालेल्या 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'ने थरारक कथांची एक परंपराच रुजवली. मृत्यूच्या दाढेत सापडलेल्या माणसाने क्षणाक्षणाचे संवेदन नोंदवावे, असा त्या कथांचा साचा असे. एडगर अ‍ॅलन पो याने १८३८ साली या साच्यावर एक उपहासिका लिहिली, आणि पुढे तोच साचा त्याने कलेच्या पातळीवर नेला. मे १८४२ मध्ये 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना त्याने मांडलेला एकपरिणामाचा सिद्धांत आपल्याकडे कथेच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे : कथा एका बैठकीत, अर्ध्या ते दोन तासांत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्द एका योजलेल्या परिणामाकडे झुकलेला असावा. या सिद्धांताची एक बाजू आपण सहसा ध्यानात घेत नाही. बैठक एकच असेल, तर वाचकाचा श्वास किती वेळ रोखून धरायचा याचा हिशेब लेखकाला करता येतो. भयकथेत काळ हे मोजण्याचे माप झाले ते येथून.

जानेवारी १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द टेल-टेल हार्ट' या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. खून कोणी केला, कोणाचा केला, का केला, हे निवेदक आरंभीच सांगून मोकळा होतो. रहस्य म्हणून काही उरतच नाही. मग उत्कंठा कुठून येते? ती येते वेळेच्या मोजणीतून. सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचे दार उघडतो, केवळ डोके आत घालायला त्याला तासभर लागतो. आठव्या रात्री म्हातारा जागा होतो आणि पुन्हा तासभर दोघेही अंधारात निश्चल राहतात. कथेच्या उत्तरार्धात हीच युक्ती उलटी होते. पोलीस घरात येऊन बसतात आणि निवेदक आपली खुर्ची नेमकी त्या फळ्यांवर ठेवतो, जिच्याखाली प्रेत आहे. फळ्यांखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. पोने भयाचे केंद्र पडद्यामागून काढून वाचकाच्या माहितीत आणून ठेवले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय.

पोच्या कथेतील ज्ञान अपराध्याचे आहे. ते निरपराध माणसाच्या वाट्याला आले तर काय होते, हे चार्ल्स डिकन्सच्या 'द सिग्नलमन'मध्ये दिसते. तिच्यामागे एक प्रत्यक्ष घटना आहे. ९ जून १८६५ रोजी केंटमधील स्टेपलहर्स्ट येथे डिकन्स ज्या गाडीत होता तिला अपघात झाला. पुलावर दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते, गाडीच्या वेळेविषयी मुकादमाचा गैरसमज झाला होता, आणि लाल निशाण घेऊन उभा केलेला माणूस नियमाने ठरलेल्या अंतरापेक्षा फारच जवळ उभा होता. इशारा दिला गेला, पण गाडी थांबवण्याइतका तो वेळेवर नव्हता. दहा माणसे दगावली. डिकन्स स्वतः जखमींच्या शुश्रूषेत गुंतला, आणि त्यानंतर रेल्वेप्रवासाचे भय त्याला कायमचे जडले.

पुढल्या वर्षी, १८६६ च्या नाताळ अंकात, ही कथा प्रसिद्ध झाली. बोगद्याच्या तोंडाशी, खोल खणलेल्या मार्गात एकटा राहणारा सिग्नलवाला एका आकृतीने पछाडलेला आहे. एक हात चेहऱ्यावर आडवा धरून दुसरा हात ती जोराने हलवते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा काही तासांतच भीषण अपघात झाला. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा धावत्या गाडीत एका तरुणीचा मृत्यू झाला. आता ती पुन्हा दिसू लागली आहे. येथे भुताचे दर्शन भयंकर नाही. भयंकर आहे ती त्या माणसाची अडचण. धोक्याची तार द्यावी, तर कोणता धोका आणि कुठे, असे वरिष्ठ विचारतील. त्याच्याजवळ उत्तर नाही. कारण न सांगता तार दिली तर नोकरी जाईल, न दिली तर कुणाचा जीव जाईल. कर्तव्यदक्ष माणसाला अर्धवट ज्ञान देऊन त्याचे हात बांधून टाकणे, ही या कथेतील उत्कंठेची रचना आहे. तिसरा बळी तो स्वतःच ठरतो. त्याला सावध करू पाहणाऱ्या इंजिनचालकाचे शब्द आणि हावभाव त्या आकृतीशी जुळतात हे शेवटी कळते, तेव्हा आधीच्या प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ बदलतो. स्टेपलहर्स्टच्या निशाणवाल्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

सांगण्याची जागा बदलली की उत्कंठा कशी बदलते, याचा जणू प्रयोगशाळेतला पुरावा गी द मोपासाँने मागे ठेवला आहे. 'ल ऑर्ला' ही कथा त्याने दोनदा लिहिली. ऑक्टोबर १८८६ मध्ये 'जिल ब्ला' या वृत्तपत्रात आलेल्या पहिल्या रूपात एक रुग्ण जमलेल्या डॉक्टरांपुढे आपली हकीकत सांगतो. अदृश्य अस्तित्वाने आपला ताबा कसा घेतला हे तो सांगतो खरे, पण तो आपल्यासमोर जिवंत बसलेला आहे, घडायचे ते घडून गेले आहे. १८८७ साली पुस्तकरूपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत डॉक्टर गेले, श्रोते गेले आणि रोजनिशी आली. ८ मे ते १० सप्टेंबर अशा तारखांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंद लिहिताना निवेदकाला पुढची नोंद ठाऊक नाही आणि ती लिहायला तो शुद्धीवर असेल की नाही हे आपल्यालाही ठाऊक नाही. दोन तारखांमधली कोरी जागा हीच येथे भीतीची जागा झाली आहे.

रोजनिशीने आणखी एक गोष्ट साधली. पहिल्याच नोंदीत निवेदक सेन नदीतून जाणारे एक पांढरेशुभ्र ब्राझिली जहाज पाहतो आणि सहज आनंदाने त्याला अभिवादन करतो. नंतर ऑगस्टमध्ये ब्राझीलमधील वेडाच्या साथीची बातमी त्याच्या वाचनात येते आणि त्याला ते जहाज आठवते. त्या अदृश्याला आपणच तर बोलावले नाही ना? मूळ कथानक जवळपास तेच असूनही दुसरे रूप अभिजात ठरले, यामागे निवेदनाच्या काळाची ही फेरमांडणी आहे. मोपासाँचा अखेरचा काळ मनोरुग्णालयात गेला म्हणून ही कथा म्हणजे त्याचे आत्मचरित्रच, असे वाचण्याचा मोह अनेकांना होतो. दोन रूपांची तुलना केली की तो मोह आवरतो. भ्रमिष्ट माणूस इतक्या थंडपणे आपल्याच कथेचा घाट बदलत नाही.

याच दशकभराच्या आसपास भारतात रवींद्रनाथ ठाकुरांनी 'क्षुधित पाषाण' (१८९५) लिहिली. तिचे बीज अहमदाबादच्या शाहीबाग प्रासादातले आहे. रवींद्रनाथांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेव्हाच्या मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि १८७८ साली तरुण रवींद्रनाथ तेथे राहिले होते. कथेत कापसाचा जकातदार ओसाड राजवाड्यात राहू लागतो आणि रात्रीमागून रात्री त्या वास्तूच्या अतृप्त स्मृतींत ओढला जातो. दिवसा खातेवह्या आणि रात्री अत्तराचा दरवळ, अशा दोन जीवनांत तो विभागला जातो. ही सारी हकीकत तो रेल्वेच्या एका जंक्शनवर, गाडीची वाट पाहणाऱ्या अनोळखी सहप्रवाशांना सांगत असतो. त्या राजवाड्यातील इराणी दासीची मूळ कहाणी, म्हणजे साऱ्याचा उलगडा, आता ऐकायला मिळणार, इतक्यात गाडी येते. पहिल्या वर्गातला एक इंग्रज ओळखीची हाक मारून त्याला डब्यात बोलावतो आणि कथा तिथेच तुटते. डिकन्सने रेल्वेमार्गावर भूत आणले होते, रवींद्रनाथांनी रेल्वेचे वेळापत्रकच कथनाचे शस्त्र केले. उलगडा नाकारला गेला तरी फसवले गेल्याची भावना होत नाही, कारण रात्रींचा अनुभव आपल्याला पूर्ण मिळालेला असतो. रॅडक्लिफच्या मेणाच्या पुतळ्यापासून कथा किती दूर आली, हे येथे मोजता येते.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (१९०२) ही या क्रमातली बहुधा सर्वांत अधिक वाचली गेलेली कथा. जेकब्सची ख्याती खलाशी आणि गोदीकामगार यांच्यावरील विनोदी कथांसाठी होती, आणि विनोदी लेखकाचे वेळेचे भान या कथेत भयाच्या कामी आले आहे. तीन इच्छा पुरवणारा माकडाचा वाळलेला पंजा भारतातून आलेला आहे. नियती माणसाच्या आयुष्यावर राज्य करते आणि तिच्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे दाखवण्यासाठी एका फकिराने तो मंत्रून ठेवला होता, असे वर्षानुवर्षे हिंदुस्थानात नोकरी केलेला एक सैनिक सांगतो. साम्राज्याच्या काळातील इंग्रजी कथेला गूढ हवे असले की ते पूर्वेकडून आणण्याची सवय होती, याची नोंद भारतीय वाचकाने घ्यायलाच हवी. पण कथेचे यंत्र कुठे आहे ते पाहिले, तर ते अस्सल इंग्रजी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आहे. व्हाइट दांपत्य दोनशे पौंड मागते. दुसऱ्या दिवशी मुलगा यंत्रात सापडून मरण पावल्याची वार्ता येते आणि कंपनी भरपाई देऊ करते : दोनशे पौंड. हा आकडा आपण आधी ऐकलेला असतो, म्हणूनच कारखान्याच्या माणसाचे बोलणे पुढे सरकत असताना आपण त्याच आकड्याची धास्ती घेऊन बसतो.

शेवटच्या प्रसंगात हे तंत्र पराकोटीला जाते. आईच्या हट्टाने मुलगा परत यावा अशी दुसरी इच्छा व्यक्त होते. काहीच घडत नाही. मेणबत्ती विझते. बऱ्याच वेळाने दारावर थाप पडते, आणि दफनभूमी दोन मैलांवर आहे हे आईला आठवते. मधला वेळ कशात गेला ते आपल्या लक्षात येते. आई अडसर काढायला खुर्ची ओढते आहे, बाप अंधारात चाचपडत पंजा शोधतो आहे. तिला मुलगा हवा आहे. त्याने मात्र मुलाचे छिन्न शरीर पाहिलेले आहे. एकाच दाराकडे पाहणाऱ्या दोन माणसांच्या ज्ञानात हे अंतर आहे, आणि उत्कंठा त्या अंतरात आहे. दार उघडते तेव्हा बाहेर निर्जन रस्ता असतो. थाप मारणारे काय होते हे लेखकाने कधीच दाखवले नाही. भयानकाला बीभत्साच्या उंबरठ्यावर आणून तिथेच थांबवणे, याहून नेमके उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही. आणि तरीही ही कथा भुताची किती आणि पुत्रशोकाची किती, हे सांगणे कठीण आहे.

एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा विद्वान, प्राचीन हस्तलिखितांचा अभ्यासक. नाताळच्या सुमारास मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवण्यासाठी त्याने भुतांच्या कथा लिहिल्या आणि १९०४ साली त्यांचा पहिला संग्रह काढला. समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी लिहिल्यामुळे त्याची गती संथ आणि पुराव्याची मांडणी काटेकोर आहे. १९२४ साली एका संकलनाच्या प्रस्तावनेत त्याने आपली रीत सांगितली, ती थोडक्यात अशी : पात्रे नित्याच्या व्यवहारात रमलेली दाखवावीत, मग त्या शांततेत अशुभाने हळूच डोके वर काढावे, प्रथम न जाणवेल असे, नंतर अधिकाधिक ठळकपणे. 'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' या कथेत भुतांवर विश्वास नसलेला एक प्राध्यापक समुद्रकाठी सुटीला जातो, जुन्या अवशेषांत सापडलेली शिटी वाजवतो. त्याच्या खोलीत दोन खाटा आहेत, इतकेच आपल्याला सांगितलेले असते. सकाळी दासी सहज म्हणते, की दोन्ही अंथरुणे वापरल्यासारखी दिसतात. प्राध्यापक या वाक्यावर थबकतो आणि स्वतःची समजूत घालतो. आपली समजूत मात्र पटत नाही. यापुढे दुसऱ्या रिकाम्या खाटेचा नुसता उल्लेखही पुरेसा होतो.

मराठी वाचकाला हे तंत्र परके वाटत नाही, याला कारण आहे. हडळीचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडे गोष्ट सुरू होण्याआधीच श्रोत्याला ठाऊक असते. गाडीवानाने वाटेत गाडीत घेतलेल्या बाईच्या पायांकडे तो केव्हा पाहणार, एवढाच प्रश्न उरतो. म्हणजे अपुऱ्या ज्ञानाचा हा खेळ मौखिक परंपरेत आधीपासून होता. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी वाचकाला या प्रांतात दीर्घकाळ रमवले, आणि मतकरींच्या या प्रकारातील लेखनाला 'गूढकथा' हे नाव रूढ झाले. 'भयकथा' आणि 'गूढकथा' या दोन नावांतच परिणाम कोणता आणि साधन कोणते, याची चर्चा दडलेली आहे. तरीही आपल्या समीक्षेने या लेखनाला बराच काळ रंजनाच्या रकान्यात टाकून हातावेगळे केले. तंत्राचा इतिहास न पाहता दिलेला तो निवाडा होता.

म्हणून वर्गात भयकथा शिकवताना वातावरणाची यादी करण्याआधी तीन साधे प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवू. कोण सांगतो आहे आणि घटनेपासून किती अंतरावरून? वाचकाला पात्रापेक्षा काय अधिक ठाऊक आहे? आणि कळल्यापासून घडेपर्यंतचा वेळ लेखकाने कशाने भरला आहे : तासांच्या मोजणीने, तारखांनी, की दोन मैलांच्या अंतराने? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याला हेही कळेल, की सिग्नलवाला आणि व्हाइट दांपत्य यांचे दुःख अंधारातून आलेले नाही. येणारे संकट दिसत असूनही ते अडवता न येण्याचे ते दुःख आहे. रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या किंवा रात्री उशिरा घरच्या माणसाची वाट पाहणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. भुतांवरचा विश्वास ओसरला तरी या कथा वाचल्या जातात, त्याचे कारण आम्हांला येथे दिसते.